सल्ला हवा: मोसिन-नागाँ ९१/३० वरचं साठवणीचं ग्रीस कसं काढावं?

पोलादी_पान
नमस्कार मंडळी. रायफल इझेव्स्क कारखान्याची ९१/३० आहे, युद्धानंतर दुरुस्त होऊन कोठारात गेलेली. सगळीकडे तपकिरी कॉस्मोलिन, म्हणजे साठवणीचं ग्रीस, आहे. बाहेरचा थर बोटाने निघतो, पण बोल्टच्या (नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याच्या) आत, मॅगझिनच्या कोपऱ्यांत आणि मागच्या साइटखाली ते मेणासारखं घट्ट झालंय. लाकूड हाताला चिकट लागतं आणि त्यावर लालसर चकाकी आहे. बोल्ट उघडतो, पण जोर लावावा लागतो.

तीन प्रश्न आहेत. कोणतं द्रावण वापरू? लाकडातलं ग्रीस लाकूड न बिघडवता कसं काढू? आणि काम पूर्ण झालं हे ओळखायचं कसं? दस्त्यावरचे कारखान्याचे ठसे आणि सगळ्या भागांवरचे जुळणारे क्रमांक जसेच्या तसे राहायला हवेत.

खाचखळगे
आधी रायफल रिकामी आहे याची खात्री करा. ग्रीसने भरलेल्या चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत) नुसतं डोकावून काही कळत नाही. बोल्ट काढून नळीतून गज आरपार घाला, तो दुसऱ्या टोकाला बाहेर दिसला पाहिजे.

मग पूर्ण सोडवा. नळीखालचा गज उलटा फिरवून काढा. पुढच्या दोन्ही पट्ट्या त्यांच्या स्प्रिंगा दाबून नळीच्या तोंडाकडे सरकवा, वरचं लाकडी आवरण उचला. मॅगझिनच्या पुढचा आणि रिसीव्हरच्या शेपटीवरचा असे दोन स्क्रू काढले की मॅगझिन खाली आणि नळी वर मोकळी होते. पेचकसाचं पातं स्क्रूच्या खाचेत पूर्ण रुंदीने आणि खोलीने बसलं पाहिजे. पातं सैल असेल तर खाचेच्या कडा फुटतात, आणि फुटलेली खाच जुन्या रायफलीवर लगेच डोळ्यात भरते. स्क्रू हलत नसेल तर त्यावर हेअर ड्रायर धरा. बऱ्याचदा गंज नसतोच, नुसतं ग्रीस थिजलेलं असतं.

धातूसाठी माझं मत मिनरल टर्पेंटाइनला. रॉकेलही चालतं, फक्त वास जास्त आणि मागे तेलकट थर राहतो. तीन-चार लिटर पुरतं. भांडं म्हणून पावसाच्या पन्हळीचा मीटरभर तुकडा घ्या, दोन्ही टोकांना झाकणं लावा. नळी त्यात आडवी बसते आणि द्रावण कमी लागतं. सुटे भाग झाकणाच्या डब्यात. अर्धा तास भिजू द्या, मग नायलॉनच्या ब्रशने घासा. पोलादी तारेचा ब्रश नको, ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर) ओरखडतं.

द्रावण दोन वाट्यांत ठेवा: पहिल्या धुण्याला जुनं, शेवटच्या धुण्याला ताजं. एकाच द्रावणात सगळं धुतलं तर सुकल्यावर प्रत्येक भागावर ग्रीसचा पातळ चिकट थर पुन्हा बसतो, आणि मग लोक म्हणतात टर्पेंटाइन काम करत नाही. वापरलेलं द्रावण बरणीत ठेवलं की गाळ खाली बसतो, वरचं पुढच्या पहिल्या धुण्याला चालतं. मोरीत किंवा गटारात ओतू नका.

वाफाळ
धातूपुरतं मी उकळत्या पाण्याच्या बाजूने. कॉस्मोलिन पेट्रोलियम जेलीच्या घराण्यातलं, साधारण ४५ ते ५२ अंश सेल्सिअसला वितळतं. सोव्हिएत कोठारातलं ग्रीसही तसंच वागतं. वर्षानुवर्षं त्यातला हलका भाग उडून जातो आणि उरलेलं घट्ट होतं, म्हणून जुन्या थरावर थंड द्रावण हळू चालतं. उष्णता मात्र थेट आतपर्यंत पोचते.

दस्त्यातून काढलेली नळी तोंड खाली करून बादलीत उभी धरा. हातात जाड मोजे. चेंबरमध्ये रबरी नळी जोडलेलं नरसाळं बसवा आणि किटलीभर उकळतं पाणी ओता. ग्रीस वितळून पाण्यावर तरंगतं. तीन-चार किटल्या लागतात. कारण ग्रीस एवढंच नाही: नळीचं पोलाद इतकं तापलं पाहिजे की आतलं पाणी आपोआप उडून जाईल. कोमट पाण्याने धुतलं तर सगळ्यात वाईट, ग्रीस अर्धवट राहतं आणि पाणीही आत राहतं.

ग्रीस गेलेलं उघडं पोलाद काही मिनिटांतच तांबूस व्हायला लागतं. म्हणून नळी हाताला सोसेल इतकी गरम असतानाच आतबाहेर पातळ तेलाचा हात फिरवा. तेल, चिंध्या, गज हे सगळं पाणी ओतण्याआधी हाताशी तयार हवं. ग्रीसचा थर थंड झाल्यावर बादलीत वर जमतो, तो काढून कचऱ्यात टाका. सांडपाण्यात गेला तर पाइप तुंबतो.

खाचखळगे
@वाफाळ, नळी आणि मॅगझिनसाठी मान्य. पण इंटरप्टर (मॅगझिनमधून एका वेळी एकच काडतूस वर सोडणारी पट्टी) आणि चापाच्या स्प्रिंगमागे पाणी अडकतं आणि तिथे तेलाची चिंदी पोचत नाही. पाणी वापरलंच तर नंतर तो भाग टर्पेंटाइनने धुवा, पाणी बाहेर ढकललं जातं. मगच तेल.

रंधा_आणि_लाख
लाकडाबद्दल. लालसर चकाकी म्हणजे बहुधा शेलॅक, लाखेचं पॉलिश. दुरुस्त केलेल्या सोव्हिएत दस्त्यांवर हेच सर्रास असतं. खात्री करायची असेल तर बटप्लेटच्या (दस्त्याच्या मागच्या टोकावरच्या धातूच्या पट्टीच्या) कडेला, सहज दिसणार नाही अशा जागी, कापसाने स्पिरिटचा एक थेंब लावा. मिनिटभरात चिकट झालं तर शेलॅक.

मग स्पिरिट, थिनर आणि ॲसिटोन या लाकडापासून लांब ठेवा. शेलॅक त्यात विरघळतं आणि ठशांच्या कडा बुजतात. उकळतं पाणी आणि वाफ यांनी ते पांढुरकं पडतं. मिनरल टर्पेंटाइन शेलॅकला धक्का लावत नाही, म्हणून वरून पुसायला तेच, ओलसर कापडाने. लाकूड भिजवू नका. भिजलं तर द्रावण विरघळलेलं ग्रीस घेऊन आणखी आत शिरतं.

आत मुरलेल्या ग्रीसला फक्त उष्णता लागू पडते. दस्त्यावरचे धातूचे सगळे भाग काढा, दस्ता शोषक कागदात गुंडाळा, काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून कडक उन्हात ठेवा. आतलं तापमान ५० ते ६० अंश हवं, पिशवीत थर्मामीटर ठेवलात तर उत्तम. ६५ च्या वर जाऊ देऊ नका, शेलॅक मऊ पडून कागद चिकटेल. दर तासाला उघडा, वर आलेला घाम पुसा, कोरडा कागद गुंडाळा, बाजू बदला. पहिल्या दोन फेऱ्यांत कागद तपकिरी ओला निघतो, मग डाग कमी होत जातात. डाग पडायचे थांबले की थांबा. बाहेर आलेलं ग्रीस गरम असतानाच पुसायचं. सावलीत आणून गप्पा मारत बसलात तर ते परत लाकडात शिरतं.

नळी बसते ती खोबण आणि बटप्लेटखालचं टोक इथे लाकूड कोरं असतं आणि ग्रीस सगळ्यात जास्त. तिथे खडूची पूड टर्पेंटाइनमध्ये कालवून जाडसर लेप द्या, वाळला की ब्रशने झाडा. लेप तपकिरी होऊन निघतो. गरज पडली तर पुन्हा.

पॉलिश पेपर अजिबात नको. ठसे लाकडात जेमतेम दाबलेले असतात, एकदा घासले की गेले. ओव्हन साफ करायचे फवारेही नकोत. त्यातला कॉस्टिक सोडा लाकडाचे तंतू खातो आणि रंग काळवंडतो.

कोऱ्या भागावर शेवटी जवसाचं तेल लावणार असाल तर एक महत्त्वाची गोष्ट: त्या चिंध्यांचा बोळा करून टाकू नका. हे तेल वाळताना उष्णता सोडतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.

पोलादी_पान
स्पिरिटची चाचणी केली, शेलॅकच आहे. ऊन भरपूर मिळेल. आता बोल्ट. तो सोडवायलाच हवा का, की तसाच टर्पेंटाइनमध्ये बुडवून ठेवला तर चालेल? आणि ब्रेक क्लीनरचा फवारा सुचवणारे बरेच भेटतात, त्याचं काय?

कोन_आणि_अंतर
सोडवायलाच हवा. फायरिंग पिनच्या स्प्रिंगच्या वेटोळ्यांत ग्रीस राहिलं तर पिन मंद पडते. थंडीत ते आणखी घट्ट होतं, प्रायमरवर (काडतुसाच्या बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीवर) हलका ठोका बसतो आणि गोळी उडत नाही. नुसतं बुडवून तिथलं ग्रीस हलत नाही.

चाप पूर्ण दाबून धरा आणि बोल्ट मागून काढा. कॉकिंग पीस (बोल्टच्या मागच्या टोकाचा गोल तुकडा) मागे ओढून डावीकडे फिरवला की ताण सुटतो, मग बोल्टचं डोकं आणि जोडपट्टी पुढे ओढून निघते. पिनचं टोक लाकडाच्या ठोकळ्यावर टेकवून बोल्ट खाली दाबा आणि कॉकिंग पीस उलटा फिरवून पिनवरून सोडवा. स्प्रिंग ताणात असते, चेहरा बाजूला आणि डोळ्यांवर चष्मा.

जोडताना लोक चुकतात ते इथे. पिन स्क्रूसारखी फिरते, त्यामुळे ती किती बाहेर येणार हे तुमच्या फिरवण्यावर ठरतं. पिनच्या मागच्या टोकावरची खाच आणि कॉकिंग पीसवरची खूण एका रेषेत आणा. मग पूर्ण जोडलेल्या बोल्टचा ताण सोडून टोक मोजा: १.९० ते २.४१ मिमीच्या आत हवं. मूळ साहित्यातल्या पेचकसावर यासाठीच दोन खाचा असतात. मोठ्या खाचेतून टोक न अडता जायला हवं आणि छोटीत अडायला हवं. टोक कमी असेल तर गोळी उडत नाही. जास्त असेल तर प्रायमर फुटून गरम वायू मागे, तुमच्या तोंडाकडे येतो. खुणा जुळल्या तरी मोजाच. दुरुस्तीत पिन बदललेली असू शकते.

खाचखळगे
ब्रेक क्लीनर: काही प्रकारांत क्लोरीनयुक्त द्रावण असतं. त्याची वाफ ज्योतीच्या किंवा लालभडक तापलेल्या धातूच्या संपर्कात आली तर फॉस्जीनसारखा विषारी वायू तयार होतो. बिनक्लोरीनचा प्रकार कमालीचा ज्वलनशील. लाकडावर उडाला तर पॉलिश जातं. चापाच्या कोपऱ्यात, उघड्या हवेत एखादा फवारा ठीक, सगळी रायफल त्याने धुणं नको.

पेट्रोलला सरळ नाही म्हणा. त्याची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेटते, म्हणजे कोणत्याही खोलीत ती पेटण्याजोगी असते. टर्पेंटाइनचा ज्वलनबिंदू ३८ ते ४० अंशांच्या आसपास आहे. म्हणून तेही उन्हात तापवू नका आणि गॅसच्या जवळ वापरू नका. नायट्राइलचे हातमोजे घाला.

जुनी_कोठारं
विषय मोसिनचा आहे, पण हा धागा वाचून इतर रायफली उघडणारे येतील, म्हणून दोन गोष्टी.

एसकेएस (सोव्हिएत अर्धस्वयंचलित रायफल) असेल तर बोल्टमधली फायरिंग पिन काढून ती जागा साफ केल्याशिवाय एकही गोळी भरू नका. बहुतेक एसकेएसमध्ये पिन मोकळी असते, मागे ओढणारी स्प्रिंग नसते. ग्रीसमुळे ती पुढे अडकली तर बोल्ट बंद होतानाच गोळी उडते, आणि मॅगझिन रिकामं होईपर्यंत उडत राहू शकते. जोडल्यावर बोल्ट कानाजवळ हलवा, पिन पुढेमागे खुळखुळली पाहिजे.

एसएमएलई (ब्रिटिश ली-एनफील्ड) नंबर १ मार्क ३ असेल तर पुढचं लाकूड काढल्याशिवाय मागच्या कुंद्याचा लांब बोल्ट (इथे लाकूड धरणारा लांब स्क्रू) फिरवू नका. त्याचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं. ते फिरलं की लाकूड चिरतं. दोन रायफली एकत्र साफ करताना रायफलीच्या बोल्टची डोकी अदलाबदल होऊ देऊ नका, हेडस्पेस (बंद बोल्ट आणि काडतूस यांतलं अंतर) बिघडतं.

वाफाळ
काम झालं का, हे ओळखायचं असं. नळीतून कोरडी चिंदी ओढा. पांढरी आली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा ओढा. रात्रीत कोपऱ्यांतून ग्रीस झिरपतं, विशेषतः मागच्या साइटच्या बैठकीखालून. सलग दोन दिवस स्वच्छ आली तर नळी साफ.

गोळी झाडण्याआधी नळी आणि चेंबर कोरडे पुसा, तेलसुद्धा नको. नळीत ग्रीसचा गोळा राहिला तर तो अडथळा ठरतो आणि नळी फुगू शकते. चेंबर तेलकट असेल तर काडतुसाचं पितळ भिंतीला धरत नाही आणि मागचा सगळा दाब बोल्टवर येतो.

पोलादी_पान
सगळ्यांचे आभार. धातू टर्पेंटाइनने, नळी उकळत्या पाण्याने, लाकूड उन्हात केलं. पिनचं टोक २.२ मिमी आलं. चिंदी दोन्ही दिवस पांढरी. पण रिकामा बोल्ट लोण्यासारखा चालतो आणि पाच-सहा गोळ्या झाडल्या की उघडताना तळहाताने ठोकावं लागतं. थंड झाल्यावर पुन्हा ठीक.

कोन_आणि_अंतर
चेंबर. चिंदी नळीच्या व्यासाची असते, चेंबर त्याहून बरंच रुंद, त्यामुळे तिच्या पांढरेपणावरून चेंबरचं काही कळत नाही. भिंतीवर थिजलेल्या ग्रीसचा पारदर्शक थर राहिलाय. गरम झाला की तो चिकट होतो आणि पितळ धरून ठेवतो.

२० गेजच्या शॉटगनचा ब्रॉन्झ ब्रश घ्या, गजाच्या छोट्या तुकड्याला लावा, टर्पेंटाइनमध्ये बुडवा आणि ड्रिलने मागून चेंबरमध्ये कमी वेगाने फिरवा. एकाच दिशेने, अर्धा-एक मिनिट, आणि फिरत असतानाच बाहेर काढा. पुढे रायफलिंग (नळीतले पिळदार चर) सुरू होतं तिथे ढकलू नका. मग बोटभर जाड कापडाच्या गुंडाळीने पुसा आणि टॉर्च लावून पाहा. पिवळसर झाक दिसली तर पुन्हा करा. पॉलिशची पेस्ट किंवा पॉलिश पेपर चेंबरमध्ये घालू नका, मापं बदलतात.

जुनी_कोठारं
आणि झाडलेल्या गोळ्या जुन्या लष्करी साठ्यातल्या असतील तर त्याच दिवशी नळी, चेंबर आणि बोल्टचा चेहरा गरम पाण्याने धुवा. त्या प्रायमरमधल्या पोटॅशियम क्लोरेटचं पोटॅशियम क्लोराइड होतं. हे मीठ हवेतला ओलावा ओढतं आणि पाण्यातच विरघळतं. तेलाखाली ते तसंच राहतं आणि नळी खात बसतं. धुतल्यावर कोरडं करून मग तेल. पहिल्या एक-दोन वेळा नळीवरचं लाकडी आवरणही काढून बघा, तापलेल्या नळीमुळे तिथून अजून थोडं ग्रीस निघेल.