वरळीचा समुद्र जुन्या पद्धतीच्या तैलरंगात का उतरत नाही?

प्रश्न : शिकाऊ_कुंचला

नमस्कार. मी बँकेतून निवृत्त झालो असून गेली सहा वर्षे तैलरंगात काम करतो. कलाशिक्षण म्हणाल तर रविवारच्या एका खाजगी वर्गात गिरवले तेवढेच. दोन वर्षांपूर्वी रॅन ऑर्टनर या अमेरिकन चित्रकाराची समुद्रचित्रे संगणकावर पाहिली आणि तेव्हापासून दुसरे काही रंगवावेसेच वाटेनासे झाले. त्याच्या ‘ओपन वॉटर’ मालिकेत किनारा नाही, होडी नाही, माणूस नाही; आहे ते फक्त पाणी. त्यातल्या २४ क्रमांकाच्या, तीन कॅनव्हास जोडून केलेल्या सुमारे १९ फूट रुंदीच्या चित्राला २००९ साली मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स येथील पहिल्या ‘आर्टप्राइझ’मध्ये लोकांच्या मतांवर अडीच लाख डॉलरचे पारितोषिक मिळाले होते. चित्र आजच्या माणसाचे, पण पाण्याला आलेली खोली पाहून मला जुन्या युरोपीय तैलचित्रांची आठवण झाली. मग शोध घेत घेत मी आयवाझोव्स्की या एकोणिसाव्या शतकातल्या रशियन समुद्रचित्रकाराच्या ‘नवव्या लाटे’पर्यंत (१८५०) पोहोचलो.

गेल्या पावसाळ्यात वरळी सी फेसवरून पाहिलेली उधाणाची लाट मी याच रीतीने रंगवायला घेतली. आधी काळ्या-निळ्या रंगाचा जाड थर दिला आणि तो गुळगुळीत पसरावा म्हणून त्यात जवसाचे तेल सढळ हाताने घातले. तीन दिवसांनी वरचा थर हाताला लागेनासा झाला, तेव्हा प्रशियन निळा आणि व्हिरिडियन हिरवा टर्पेंटाइनमध्ये पातळ करून त्यावर ग्लेझ, म्हणजे पारदर्शक थर, चढवले. लाटेमागे मावळता सूर्य ठेवला आणि रिकामे वाटू नये म्हणून दूर एक शिडाची होडी घातली. चित्र घरात सगळ्यांना आवडले. नातीने मात्र विचारले, ‘आजोबा, हे अंदमान आहे ना?’

त्यानंतर दोन गोष्टी घडल्या. जानेवारीत लाटेच्या पोटावर केसासारख्या बारीक भेगा पडल्या आणि काही भाग मेल्यासारखे मंद दिसू लागले. भेगा का पडल्या हे कळले तर बरे होईलच, पण खरा प्रश्न नातीचा आहे. इतके थर देऊनही समुद्र वरळीचा का दिसत नाही?

उत्तर : जवसतेल

भेगांचे आधी सांगतो, कारण त्यांचे उत्तर आपणच लिहिलेल्या मजकुरात आहे. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. त्यातले तेल हवेतला प्राणवायू शोषून घट्ट होते आणि ही क्रिया वरून आत चालते. आपला खालचा थर तेलकट, जाड आणि काळा होता; हाडांच्या कोळशाचा काळा तर सगळ्यांत सावकाश वाळणाऱ्या रंगांपैकी एक आहे. त्यावर आपण टर्पेंटाइनने पातळ केलेला, म्हणजे कमी तेलाचा थर दिला. वरचा थर आधी कडक झाला, खालचा पुढचे कित्येक महिने हलत राहिला आणि वरच्याला तडे गेले. प्रत्येक वरच्या थरात खालच्यापेक्षा थोडे अधिक तेल असावे, हा नियम जुन्या चित्रकारांनी हौसेखातर पाळलेला नव्हता. मंद दिसणाऱ्या भागांत वरच्या थरातले तेल खाली शोषले गेले आहे, एवढेच. त्यात फार काळजीचे काही नाही.

आपल्याकडे पावसाळ्यात हे सगळे आणखी रेंगाळते. दमट हवेत आणि कोंदट उजेडात रंग वाळायला वेळ घेतो आणि अंधारात ठेवलेले जवसाचे तेल पिवळे पडते. अँटवर्पचा चित्रकार रूबेन्स याने १६३८ मध्ये फ्लॉरेन्समधल्या सुस्टरमन्स या चित्रकाराला पत्र लिहून कळवले होते की, नुकतेच रंगवलेले चित्र फार काळ पेटीत बंद राहिल्यामुळे त्याचे रंग पिवळसर झाले असतील, तर ते अधूनमधून उन्हात ठेवावे. अँटवर्पच्या माणसाला जी चिंता होती ती परळच्या चाळीतल्याला चौपट असणार! तेव्हा पहिला थर रॉ अंबर या तपकिरी मातीरंगाचा द्या. त्यात मँगनीज असल्यामुळे तो लवकर वाळतो. थर इतका पातळ असू द्या की खालचा पांढरा दिसत राहील. चित्र खिडकीजवळ ठेवा, पण पावसाळ्यात ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, कारण कॅनव्हासच्या पाठीवर बुरशी धरली की पुढे कोणतीही युक्ती चालत नाही. आणि तेल पुसलेल्या चिंध्या चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाच्या तेलाच्या चिंध्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

उत्तर : करडा_कागद

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण ते तंत्रापाशी थांबते. नातीच्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते असे आहे, की आपण पाणी न पाहता पद्धत निवडली.

ग्लेझ म्हणजे उजळ, वाळलेल्या थरावर रंगीत काचेसारखा पारदर्शक थर. उजेड त्यातून आत जातो, खालच्या उजळ थरावर आपटतो आणि रंग घेऊन परत येतो. आयवाझोव्स्कीने आयुष्याचा मोठा भाग काळ्या समुद्राकाठी फिओदोसियात काढला. त्याच्या लाटेच्या शेंड्यातून उजेड आरपार येतो, कारण तिथले पाणी खरोखरच तसे करते आणि रंगाचा थरही तेच करतो. पाणी आणि पद्धत यांचा तिथे मेळ आहे. आपण एक तर ग्लेझ काळ्यावर दिले, म्हणजे आत गेलेला उजेड परत यायला खाली काही ठेवलेच नाही. पण खाली पांढरा असता तरी चित्र अंदमानच झाले असते, फक्त अधिक सुंदर अंदमान.

जुलैमधला वरळीचा समुद्र पारदर्शक नाही. खाड्यांनी आणलेला गाळ आणि तळाचा ढवळलेला चिखल यांनी पाणी इतके भरलेले असते की उजेड वितभरही आत जात नाही आणि तो वरच्या वरच परततो. फक्त लाट कोसळण्याआधी तिचा ओठ पातळ होतो, तेव्हा क्षणभर त्यातून कोऱ्या चहासारखा पिवळट-तपकिरी रंग चमकून जातो. ग्लेझ द्यायचेच असेल तर तेवढ्या दोन बोटांच्या पट्टीला द्यावे. बाकीच्या पाण्यासाठी उलटी रीत हवी, ती म्हणजे गडद किंवा मध्यम थर पूर्ण वाळल्यावर त्यावर अपारदर्शक फिकट रंग कोरड्या कुंचल्याने इतका विरळ ओढणे की खालचा रंग धुक्यातून दिसावा तसा दिसत राहील. ही रीतही जुन्यांचीच आहे, तिला स्कंबल म्हणतात.

म्हणून आपल्याला गुरू हवा असेल तर तो आयवाझोव्स्की नाही. सतराव्या शतकातल्या हॉलंडमधला यान व्हान गोयेन (१५९६–१६५६) पाहा. खाडीचे उथळ, मातकट पाणी, वर तसेच ढगाळ आकाश आणि संपूर्ण चित्र तपकिरी-करड्या मोजक्या छटांत. रंग इतका पातळ की लाकडी फळीच्या रेषा त्यातून दिसतात. त्याचे पाणी पाहिले की मला माहीमची खाडी आठवते. डच चित्रकार आपल्याला परके वाटतात, पण गढूळ पाण्याच्या बाबतीत ते आपले सख्खे शेजारी आहेत.

रंगांविषयी एक सूचना करतो. निळ्याची ट्यूब पूर्ण बाजूला ठेवा. हाडांच्या कोळशाचा काळा, यलो ऑकर (पिवळा मातीरंग), रॉ अंबर आणि पांढरा, एवढ्यावर काम करा. काळ्यात ऑकर मिसळला की शेवाळी हिरवा मिळतो आणि काळ्या-पांढऱ्याचा करडा ऑकरच्या शेजारी आपोआप निळसर दिसतो. वरळीला पावसाळ्यात जो निळेपणा भासतो तो असाच शेजारामुळे भासणारा आहे. टायटेनियम पांढरा मात्र जपून वापरा, कारण तो फार झाकतो आणि चिमूटभर जास्त झाला तरी लाटेची भिंत होते.

जमल्यास काळा घोड्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जाऊन सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून आलेली युरोपीय तैलचित्रे पाहा. समोरून नव्हे, बाजूला उभे राहून उजेड चित्रावरून तिरपा घसरेल असे पाहा, म्हणजे कुठे रंग जाड आहे आणि कुठे निव्वळ डाग आहे, ते कळते. छापील प्रतीत आणि पडद्यावर नेमके हेच मरते.

उत्तर : वेसाव्याचा_नाखवा

मी चित्रकार नाही. आमच्या घराण्यात मासेमारी आहे आणि मुलाने हा प्रश्न दाखवला म्हणून लिहितो. चित्र पाहिलेले नाही, पण वर्णनातच दोन चुका आहेत आणि त्या रंगाच्या नाहीत.

पहिली चूक होडीची. जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या वर ओढून ताडपत्रीखाली झाकलेल्या असतात. उधाणाच्या समुद्रात शीड लावून कोण जाईल?

दुसरी चूक सूर्याची. भरतीची वेळ काढण्याचा आमचा जुना ठोकताळा असा आहे की, तिथीला पाऊणपट करावी, जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. उधाण येते ते पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे, आणि खरा जोर एक-दोन दिवसांनी असतो. द्वितीयेचा हिशेब दीड वाजता येतो. म्हणजे मुंबईत उधाणाचे पाणी चढते ते भर दुपारी, नाही तर मध्यरात्री. त्या दिवशी संध्याकाळी सूर्य पाण्याला टेकतो तेव्हा सुकती, म्हणजे ओहोटी, लागलेली असते आणि वरळीला खडक उघडे पडलेले असतात. संध्याकाळी सहाची भरती अष्टमीची, ती भांगाची, म्हणजे लहान भरती, तिला जोर नसतो. वाऱ्याने लाट उठेल, नाही असे नाही, पण कठड्यावरून रस्त्यावर येणारे पाणी आणि मावळता सूर्य एकाच चित्रात आले की आमच्याकडचे पोरही हसेल.

आणखी एक सांगतो. भिंतीजवळ लाटा एकामागून एक शिस्तीत येत नाहीत. आपटून परतलेली लाट येणाऱ्या लाटेला भेटते आणि दोघी मिळून पाणी सरळ वर उडवतात. पावसाळ्यातला फेसही दुधासारखा नसतो, तो मळक्या सायीसारखा असतो, आणि लाट गेली तरी पाण्यावर जाळ्यासारखा पसरून राहतो.

उत्तर : करडा_कागद

नाखवा, आपले आभार. माझ्या वरच्या उत्तरातली एक गोष्ट मला यामुळे मागे घ्यावी लागते. लाटेच्या ओठातून चमकणाऱ्या चहाच्या रंगाविषयी मी लिहिले, ते माझे निरीक्षण संध्याकाळचे आणि साध्या भरतीचे आहे. उधाण दुपारी दीडला असेल आणि वर ढग असतील तर उजेड मागून नव्हे, डोक्यावरून आणि सगळीकडून सारखा येणार, आणि ओठ चमकणार नाही. म्हणजे ग्लेझला उरलेली ती दोन बोटांची पट्टीही गेली!

यावरून थोरल्या विलेम व्हान द वेल्डेची आठवण झाली. हा डच चित्रकार आरमाराबरोबर स्वतः समुद्रात जाऊन लढायांची रेखाटने करीत असे आणि त्याच्या मुलाने, धाकट्या विलेमने (१६३३–१७०७), त्या कागदांच्या आधारावर कार्यशाळेत तैलचित्रे रंगवली. पाण्यावर पेन्सिल, घरात रंग. आपणही कॅनव्हास घरीच ठेवावा आणि उधाणाच्या दुपारी फक्त वही घेऊन जावे.

उत्तर : गिरगाव_गॅलरी

समुद्राचा विषय निघाला आहे तर अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंड्यांचे नाव कोणीच कसे घेतले नाही? ते कित्येक वर्षे वॉर्डन रोडच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये, समुद्रासमोर काम करीत होते. रोलर आणि पॅलेट नाइफने रंग चढवायचा, खरवडायचा, पुन्हा चढवायचा, या त्यांच्या रीतीने पृष्ठभागाला आलेली खोली कोणत्याही डच चित्रापेक्षा आपल्या पाण्याच्या जवळची आहे.

उत्तर : करडा_कागद

खोलीविषयी मान्य. पण गायतोंडे स्वतःच्या चित्रांना कशाचेही चित्र म्हणायला तयार नसत, तेव्हा त्यांच्या कॅनव्हासमध्ये समुद्र शोधणे हा आपला हट्ट झाला. प्रश्नकर्त्यांना वरळी ओळखू यायला हवी आहे.

प्रश्नकर्ता : शिकाऊ_कुंचला

सर्वांचे मनापासून आभार. होडीविषयी वाचून घरात बराच वेळ हशा चालला होता, आणि तो योग्यच होता.

परवा द्वितीया होती. छत्री आणि वही घेऊन पावणेएकला सी फेसवर पोहोचलो. पोलीस कठड्याजवळ उभे राहू देत नव्हते, म्हणून रस्त्याच्या पलीकडून पाहिले. नाखवांनी सांगितले तसेच होते. परतणारी लाट येणारीला भेटली की पाणी क्षणभर खांबासारखे उभे राहत होते, त्याच्या टोकाला पांढरे नव्हते, ओल्या सिमेंटचा करडा होता, आणि तो खाली येताना आकाशात मिसळून दिसेनासा होत होता. वहीची चार पाने भिजली, तीन वाचली.

घरी आल्यावर १२ बाय १६ इंचाच्या प्लायवर पांढऱ्या प्रायमरचे दोन हात देऊन त्यावर रॉ अंबरचा पातळ थर दिला. निळी ट्यूब कपाटात ठेवली आहे. आज तिसरा दिवस असून थर बोटाला लागत नाही, पण बाहेर सतत पाऊस आहे. वरचा करडा ओढायला सुरुवात करू का?

उत्तर : जवसतेल

बोटाला न लागणे पुरेसे नाही, मागच्या वेळी आपण त्यावरच फसलात. कोपऱ्यात नखाने हलके दाबून पाहा. खूण उमटली तर आणखी आठवडाभर थांबा. खूण उमटली नाही तर करड्यात दोन थेंब तेल घालून सुरू करा. कुंचला आधी कागदावर टिपून घ्या, तो जवळजवळ कोरडा हवा.