कुलूप उघडायची हत्यारं घरी बनवायची आहेत: पोलाद कुठलं, जाडी किती, कानस कुठली?

हरवली_किल्ली

मंडळी, छंद जरा विचित्र आहे म्हणून आधीच सांगतो. कुलूप माझं, टेबल माझं, आणि ते कुलूप कुठल्याही दाराला लावलेलं नाही. स्वतः विकत आणलेलं कुलूप किल्लीशिवाय उघडायचं, बंद करायचं, पुन्हा उघडायचं, एवढाच खेळ. युरोप-अमेरिकेत याला लॉकस्पोर्ट म्हणतात, स्पर्धाही होतात.

ऑनलाइन एक स्वस्त संच मागवला, सोबत पारदर्शक प्लास्टिकचं कुलूप आलं. ते कुलूप गदागदा हलवलं तरी उघडेल असलं. त्यातल्या पिकांच्या (पिक म्हणजे कुलपात घालून आतल्या पिना उचलायची बारीक पट्टी) कडा इतक्या धारदार की आतून पितळेचा भुगा निघतो, आणि जरा जोर दिला की वाकतात. तेव्हा म्हटलं आपणच बनवाव्यात.

नाशिकला फ्लॅटमध्ये राहतो. बाल्कनीत छोटा व्हाईस आहे. ग्राइंडर नाही, आणि आणला तर शेजारचे काका पुढच्या मीटिंगला विषय काढतील. हॅक्सॉ ब्लेडपासून पिक बनवतात म्हणे, ते कितपत जमतं? नुसत्या कानशीवर भागेल? सरावाला कुलूप कुठलं घ्यावं? आणि हे घरात ठेवणं कायद्यात बसतं का? हा शेवटचा प्रश्न सौंचा आहे, पण उत्तर मला द्यायचंय.

बोहरीआळी

हॅक्सॉ ब्लेड चालतं, पण हाताला येईल ते नको. पूर्ण कडक हायस्पीड स्टीलचं पातं कुलपात तट्कन मोडतं आणि तुकडा आतच राहतो. बायमेटल मागा. त्यात दातांची कडाच तेवढी हायस्पीडची असते, पाठ स्प्रिंगच्या पोलादाची. दात घासून टाकले की उरतं ते आपल्या कामाचं. जाडी साधारण ०.६५ मिमी, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या बऱ्याचशा पिकांएवढीच.

त्याहून चांगलं म्हणजे फीलर गेज. गॅरेजवाले व्हॉल्व्हचा गॅप मोजायला वापरतात तो पात्यांचा जुडगा. पोलाद स्प्रिंगचं, आणि जाडी प्रत्येक पात्यावर छापलेली. अरुंद कुलपाला ०.५०चं, बाकीच्यांना ०.६०चं पातं घ्या. बाकीची पाती इतर कामाला येतात. गंज मात्र लवकर धरतो, तेलाचा हात फिरवत जा.

आणि फुकटातला माल हवा असेल तर जवळच्या गॅरेजात टाकून दिलेले वायपर मागा. जुन्या पद्धतीच्या, लोखंडी सांगाड्याच्या वायपरमध्ये रबराच्या दोन्ही बाजूंना स्टेनलेसच्या दोन बारीक पट्ट्या असतात. टेन्शन रेंचसाठी, म्हणजे कुलपाला पीळ देणाऱ्या वाकड्या पट्टीसाठी, याहून सोयीचं काही नाही. नव्या सपाट वायपरमध्ये त्या मिळत नाहीत, उगाच सोलत बसू नका.

पुण्यात येणार असाल तर रविवार पेठेत बोहरी आळीत नीडल फाईलचा सेट, पॉलिश पेपर, सगळं एका फेरीत होतं. जुनी कुलपं हवीत तर रविवारी किंवा बुधवारी जुना बाजार.

उद्यमनगर_कोल्हापूर

ग्राइंडर नाही ते बरंच झालं म्हणायचं! निम्मी पोरं तिथंच माती करतात बघा. चाकावर पातं धरलं की बारीक टोकाला उष्णता जायला जागाच नसते. आधी पिवळसर रंग येतो, मग तपकिरी, मग निळा. पातं कार्बन स्टीलचं असेल तर निळं झालं की पाणी उतरलं समजायचं, तेवढा भाग मऊ पडला. मग कुलपात घातल्यावर वाकायचंच. ग्राइंडरवाल्यांनी हातमोजा न घालता पातं धरावं. बोटाला चटका बसायच्या आत पाण्यात बुडवलं की पोलाद सलामत राहतं.

तुमच्यासाठी कानस बेस. वेळ लागतो, पण हातात राहतं. पिकेचा आकार कागदावर खऱ्या मापात छापून घ्या, पात्यावर डिंकानं चिकटवा आणि रेघेपर्यंत घासत चला. दोन पाती एकावर एक ठेवून दोन लोखंडी पट्ट्यांमध्ये व्हाईसला आवळलीत तर एका कष्टात दोन पिका होतात, आणि पातं थरथरत नाही. कानस पुढं ढकलतानाच दाबायची, मागं आणताना उचलायची. मागं ओढताना पण घासली की दात जातात तिचे.

माप सांगतो. दांडा २ ते २.५ मिमी उंचीचा ठेवा. हुकाचं (वर वळलेल्या पिकेचं) टोक दांड्याच्या वर २ मिमीच्या आसपास उचललेलं पुरे, सुरुवातीला जास्त उंच हुक करू नका. आणि दांडा मुठीला जिथं मिळतो तिथं काटकोन सोडायचा नाही. गोल कानशीनं तिथं वळण द्या. काटकोनातच ताण साठतो आणि तिथंच तुटतं, मग पोलाद कितीबी चांगलं असूदे.

आता खरं काम. आकार काढून झाला म्हणजे पिक तयार झाली असं धरू नका, पॉलिश व्हायचंय अजून. तुमच्या विकतच्या संचातनं पितळेचा भुगा निघतोय तो त्यामुळंच, पत्रा कापलाय आणि कडा तशाच सोडल्यात. आइस्क्रीमच्या काडीला पॉलिश पेपर गुंडाळा. २२० नंबरच्या पेपरनं कडा मोडा, मग ४००, मग ६००, मग १०००. घासायचं दांड्याच्या लांबीत, आडवं नाही. आडवा ओरखडा राहिला तर तडा तिथनंच सुरू होतो, आणि पिनवर टोक अडकतं ते वेगळंच.

सह्याद्री_एक्सप्रेस

हे सगळं जाहीर लिहिताय ते बरोबर वाटतं का? चोरांना आयतं प्रशिक्षण.

बोहरीआळी

चोर कटावणी आणतो आणि कोयंडाच उखडतो. पॉलिश पेपर घेऊन ४००, ६००, १००० करत बसायला त्याला वेळ असता तर तो चोर झाला नसता.

काळाकोट

सौंच्या प्रश्नाबद्दल. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ (आधीचा मुंबई पोलीस कायदा) याचं कलम १२२ वाचा. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात कायदेशीर सबबीशिवाय घरफोडीचं साधन जवळ बाळगताना सापडणं हा त्यात गुन्हा आहे. रात्री अकराला मोटरसायकलच्या डिकीत हा संच असेल आणि नाकाबंदीत निघाला, तर हवालदाराला लॉकस्पोर्ट समजावून सांगण्याची हौस तुम्हाला नसावी. संच घरी, टेबलाच्या खणात, सरावाच्या कुलपांसोबतच ठेवा. सोबत कुलपांची बिलं ठेवलीत तर अजून चांगलं.

तोक्योतला_जोशी

यात एक भर. जपानला येणार असाल तर हा संच बॅगेत चुकूनही टाकू नका. २००३च्या कायद्याप्रमाणे इथे योग्य कारणाशिवाय पिक बाळगणं हाच गुन्हा आहे, दिवस असो की रात्र. छंद हे कारण धरत नाहीत. हॅक्सॉचं पातं आणा, कुणी विचारणार नाही.

आइंडहोवनकर

इथे उलटं आहे. नेदरलँड्समध्ये टूल नावाची संघटना आहे, लोक संध्याकाळी जमतात, कॉफी पितात आणि कुलपं उघडतात. जर्मनीत १९९७पासून अशी नोंदणीकृत संस्था आहे. दोन्हीकडे नियम तेच: जे कुलूप आपलं नाही त्याला मालकाच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही, आणि जे वापरात आहे त्याला आपलं असलं तरी लावायचा नाही. दुसरा नियम लोक विसरतात. पिकेनं आतली पिन किंवा स्प्रिंग बिघडली तर तुम्हीच घराबाहेर.

वर पिकांबद्दल छान लिहिलंय, पण माझं मत विचाराल तर पिकेइतकाच वेळ टेन्शन रेंचवर घालवा. आधी कुलूप काय करतं ते बघू. पिनच्या कुलपात मधला दंडगोल फिरायचा असतो आणि पिनांच्या जोड्या त्याला आडव्या आलेल्या असतात. किल्ली प्रत्येक जोडीची फट बरोबर दंडगोलाच्या कडेला आणते, मग तो फिरतो. बनवताना सगळी भोकं कधीच एका रेषेत पडत नाहीत, त्यामुळे दंडगोलावर हलका पीळ दिला की सगळ्या पिना एकदम अडकत नाहीत, एकच अडकते. ती उचलायची, ती बसली की दुसरी अडकते. हा खेळ चालतोच त्या कारागिराच्या चुकीवर. आणि अडकलेली पिन कुठली, हे तुम्हाला कळतं पीळ देणाऱ्या बोटाला. पीळ जास्त झाला की सगळंच आवळतं आणि काहीच कळत नाही.

म्हणून रेंच दोन बनवा. एक वायपरच्या पट्टीचा, किल्लीच्या खाचेत पिनांच्या विरुद्ध टोकाला बसणारा. दुसरा जाड, ०.८ ते १ मिमीचा, पिनांच्या बाजूच्या कडेला घट्ट रुतणारा. त्यामुळे पिकेला खाचेत मोकळी जागा मिळते. वाकवताना पक्कडीत धरून सावकाश वाकवा. एका झटक्यात काटकोन कराल तर कोपऱ्याला तडा जातो. टोकाच्या कडा गोल करा, पण खाचेत बसतो तो भाग ढिला होईल इतक्या नको.

आणि स्वतः हत्यारं घडवणं यात नवं काही नाही. १८५१च्या लंडनच्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाच्या अमेरिकन कुलूपवाल्याने चब कंपनीचं कुलूप अर्ध्या तासाच्या आत उघडलं. मग तो ब्रॅमा कंपनीच्या कुलपाकडे वळला. उघडणाऱ्याला २०० गिनी असा फलक लावून ते दुकानाच्या खिडकीत साठ वर्षं बसलं होतं. १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले, आणि त्यासाठी लागलेली अवजारं त्याने स्वतः तयार केली होती. लंडनच्या वर्तमानपत्रांत मोठी खळबळ उडाली. वर सह्याद्रींनी विचारलेला प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता, आणि हॉब्जचं म्हणणं असं होतं की चोरांना हे आपल्याआधीच ठाऊक असतं.

मधली_आळी

विषय निघालाच आहे तर, गावी आजीच्या कपाटाची किल्ली हरवलीय. जुनं लोखंडी कपाट. यातली कुठली पिक चालेल?

आइंडहोवनकर

कुठलीच नाही. जुन्या कपाटांना बहुतेक लिव्हरचं कुलूप असतं. तिथे आतल्या प्रत्येक पट्टीला ठराविक उंचीपर्यंतच उचलावं लागतं, कमी नाही की जास्त नाही. ही युक्ती १७७८ची आहे. त्याला अवजार वेगळं लागतं आणि हातही वेगळा. शिवाय कपाट वापरातलं आहे. तालुक्याच्या गावी चावीवाला असेल, त्याला बोलवा. कपाटही वाचेल आणि आजीही बोलणार नाही.

बोहरीआळी

यावरून सरावाच्या कुलपाचं आठवलं, ते कुणी सांगितलंच नाही. हरवली_किल्ली, घरात पडलेलं नवताल घेऊन बसू नका. त्यावर लिव्हर किती ते कोरलेलंच असतं, म्हणजे आत पिना नाहीत आणि तुमची पिक तिथे उपाशी. दुसऱ्या टोकाला, अगदी स्वस्त पत्र्याचं पॅडलॉकही नको. त्यात भोकं इतकी सैल असतात की कशानेही उघडतं आणि शिकायला काही मिळत नाही.

हार्डवेअरच्या दुकानातून दरवाजाचा सुटा सिलिंडर घ्या, पाच किंवा सहा पिनांचा. मागची सर्क्लिप (खाचेत बसवलेली स्प्रिंगची कडी) काढली की दंडगोल बाहेर येतो. पण तो ओढताना त्याच जाडीची लाकडी दांडी मागून सरकवत जा, नाहीतर स्प्रिंगा बाल्कनीतून खाली. मग एकच पिन ठेवून बाकीच्या काढा. ती उघडता आली की दोन करा, मग तीन. पिना कुठल्या भोकातल्या होत्या ते कागदावर क्रमाने मांडून ठेवा, किल्ली पुन्हा चालायला हवी असेल तर. एवढ्याने जे कळतं ते पारदर्शक कुलपात कधीच कळणार नाही.

उद्यमनगर_कोल्हापूर

बरोबर बोललात. आणि भावा, पहिल्याच झटक्यात पंधरा आकारांचा संच करायला जाऊ नगंस. नेटवर दिसतात ती नागमोडी, करवतीसारखी टोकं, सगळी बघायला भारी. एक आखूड हुक, एक अर्धा डायमंड (एका बाजूनं त्रिकोणी टोकाची पिक), दोन रेंच, एवढं बास. हुकाचं टोक सपाट नको, किंचित गोल. तेवढं आरशासारखं चकचकीत कर.

हरवली_किल्ली

सगळ्यांचे आभार. फीलर गेज आणि बायमेटल पातं दोन्ही आणतो, वायपर समोरच्या गॅरेजवाल्याने द्यायचं कबूल केलंय. कलम १२२ सौंना वाचून दाखवलं. खणाला परवानगी मिळाली, पण खणाला कुलूप लावायचं नाही अशा अटीवर.

एक राहिलं: मुठीला काय लावायचं? उघडं पातं धरून बोटं दुखतात.

उद्यमनगर_कोल्हापूर

वायरिंगवाल्याकडची हीट श्रिंक नळी, दोन थर. पण मधे लाकूड घालून मूठ जाड करू नका, जाड मुठीतनं पिनेचा खटका बोटाला पोचत नाही. आणि नळी सगळ्यात शेवटी चढवा, पॉलिश झाल्यावर.

हरवली_किल्ली

१०००च्या पुढे २००० पण मारू का?

उद्यमनगर_कोल्हापूर

हौस असेल तर मारा. कुलपाला फरक पडत नाही.