वॅगन आर २०११ की आय-टेन २०१३? फ्लोअरच्या गंजाबद्दल सल्ला हवा आहे

नमस्कार मंडळी. मी डिचोलीचा. बाबांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय आणि त्यांना दर महिन्याला बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात) न्यावं लागतं. बस त्यांना झेपत नाही, दर खेपेला टॅक्सी मला परवडत नाही. म्हणून जुनी गाडी बघतोय. हातात दोन लाख आहेत, दुरुस्तीसकट.

वॅगन आर ऑगस्ट २०११ची, एक लिटरचं के-सिरीज इंजिन, ६८ हजार किलोमीटर, एकच मालक, सर्व्हिसची सगळी बिलं. दीड लाख सांगतात. पण गाडी बोगमाळोला समुद्राजवळ उघड्यावर असायची. ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅटिंग उचललं तर खाली ओल. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहिलं. बाकी सगळीकडे टणक आवाज, तिथे मात्र भद्द, आणि बोटाला गंजाचे पापुद्रे लागले. मालक म्हणाले, "गोव्यात कुठल्या गाडीला गंज नाही?" खरं आहे, पण दाराच्या कडेचा गंज वेगळा आणि फ्लोअरचा वेगळा. त्यात ऑगस्ट २०२६ला १५ वर्षं भरतात. नोंदणीच्या रिन्यूअलचे पाच हजार भरेन, पण आरटीओच्या फिटनेस तपासणीत असा पत्रा पास होईल का?

आय-टेन फोंड्यातली, १.१ इंजिन, ९४ हजार किलोमीटर, एक लाख पंच्याऐंशी. खालून पत्रा स्वच्छ. मात्र या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे, म्हणजे ठरावीक काळाने बदलावा लागणारा पट्टा (वॅगन आरला चेन), आणि तो कधी बदलला याचं बिल नाही. आरसीवर बँकेचा बोजाही अजून तसाच. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (बोजा काढायचा फॉर्म) हातात आल्याशिवाय एक रुपया देणार नाही, असं सांगून आलोय.

रविवारी बाबांना दोन्ही गाड्यांत बसवून पाहिलं. वॅगन आरची सीट उंच. ते कुणाचा हात न धरता बसले, पाय आत घेतले. आय-टेनमधून उतरताना दाराला धरून दोनदा जोर लावावा लागला. बोलले काही नाहीत. घरी येताना फक्त म्हणाले, "तुला बरी वाटेल ती घे."

म्हणून मन वॅगन आरवर आहे. फ्लोअरचा सडका भाग कापून नवा पत्रा वेल्ड करून घेतलाय का कुणी? आपल्या पावसात तो किती वर्षं टिकला, खर्च किती आला? जॅक लावायची जागा आणि स्टेपनीचा खड्डा यांशिवाय आणखी कुठे ठोकून बघू? कुठला भाग सडलेला दिसला तर गाडी सरळ सोडून द्यावी?

शनिवारी ती लिफ्टवर चढवून बघणार आहे, त्याआधी कळलं तर फार मदत होईल. देव बरें करूं.