सेम २ संपायलंय, पुढचं ओपन इलेक्टिव्ह कोणतं घ्यावं?

लातूरचा_पोरगा: बीएस्सी फर्स्ट इयरला हाय. परीक्षा तोंडावर आल्यात, प्रॅक्टिकलचं जर्नल अजून अर्धंच, अन कॉलेजवाले म्हणायलेत सेम ३ चं ओपन इलेक्टिव्ह (मेन विषयाबाहेरचा, आपण निवडायचा विषय) आत्ताच सांगा, मागच्या वेळी त्यांनीच दिलं होतं. मित्र म्हणतो केमिस्ट्रीतलंच घे, सोपं जातंय. काय करू?

परभणीकर: केमिस्ट्रीचं मिळणारच नाही भावा, नवीन शैक्षणिक धोरणात ते दुसऱ्या फॅकल्टीचंच घ्यावं लागतंय, म्हणजे तुला आर्ट्स नाहीतर कॉमर्स. टाईमटेबल बघून घे, नाहीतर प्रॅक्टिकलच्या टायमालाच लेक्चर येतंय अन मग दोन्हीकडं बोंब. पण आधी जर्नलवर सरांची सही घे बाबा, सर्टिफाय नसलं तर बऱ्याच ठिकाणी प्रॅक्टिकलला बसू देत नाहीत.

नांदेडची_ताई: एबीसी आयडी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा नंबर) काढलास का? डिजिलॉकरवर निघतोय, विषय पास झाल्यावर मिळणारे क्रेडिट त्यातच जमा होतात. आधार अन मार्कशीटवरलं नाव सारखं पाहिजे, आमच्या वर्गात कितीतरी पोरींचं तिथंच अडकलं.

लातूरचा_पोरगा: आयडी हाय ताई. अकाउंट्स जमंल का सायन्सवाल्याला?

परभणीकर: जमतंय की, बेरीज वजाबाकीच हाय. तू जर्नल लिही आधी.