दूध बंद केलं की अंडाशयाचा कॅन्सर पसरायचा थांबतो?

खारघरकर: सोसायटीच्या ग्रुपवर पोस्ट फिरतेय, दुधात ग्रोथ फॅक्टर (पेशींना वाढायला लावणारी प्रथिनं) असतात, तेच अंडाशयाच्या कॅन्सरच्या पेशी पोटभर पसरवतात, म्हणून दूध-पनीर बंद करा. डोकंच फिरलं. अहो, हे ग्रोथ फॅक्टर गाठ स्वतः बनवते, पोटात साठणाऱ्या पाण्यातही असतात. त्यातलाच एक ईजीएफ, तो पेशीवरच्या रिसेप्टरवर, म्हणजे त्याला पकडणाऱ्या प्रथिनावर, बसला की आत सिग्नल सुटतात, पेशींना एकमेकींना चिकटवणारं ई-कॅडहेरिन कमी होतं, शेजारच्या पेशीला धरलेला हात सुटतो आणि पेशी सरकायला लागते. लॅबमध्ये प्लेटमधल्या पेशींच्या थरावर पिपेटच्या टोकाने रेघ मारतो आम्ही, ईजीएफ घातलं की दोन्ही कडांकडून ती भराभर बुजत येते. यात दूध कुठून आलं?

कळवा_नाका: माझ्या मावशीने दूध सोडलं, ती आज ठणठणीत आहे. तुमच्या प्लेटा तुमच्याकडे.

खारघरकर: ऑपरेशन आणि केमो झाली असेल ना मावशींची? मग श्रेय दुधाला कसं?

घोडबंदरवाली: दुधाचं जाऊ दे, पण रेघेवरून एवढा तोरा नको. ईजीएफआर, म्हणजे तोच ईजीएफचा रिसेप्टर, अडवणारं एर्लोटिनिब हे औषध पहिल्या केमोनंतर देऊन बघितलं, मोठ्या ट्रायलमध्ये फायदा शून्य.

खारघरकर: एक रस्ता अडवला की पेशी दुसऱ्या सिग्नलच्या रस्त्यांनी जातात, एचजीएफ-मेटने जातात, टीजीएफ-बीटाने जातात. व्हीईजीएफ, म्हणजे रक्तवाहिन्या वाढवणारा ग्रोथ फॅक्टर, अडवणारं बेव्हॅसिझुमॅब चाललंच की, 2011 च्या दोन ट्रायल वाचा.

घोडबंदरवाली: वाचल्यात. आजार परत वाढायला काही महिने जास्त लागले, सगळ्यांचं आयुष्य नाही वाढलं. आणि ते मुख्यतः रक्तवाहिन्यांवर चालतं, तुमच्या सरकणाऱ्या पेशींवर नाही.

ऐरोलीची_सून: तुमचं चालू द्या. माझ्या सासूबाईंचं पोट फुगायचं, दोन घासांत भरायचं, सारखं लघवीला, आणि डॉक्टर महिनोन्‌महिने ॲसिडिटीच्या गोळ्या देत राहिले. सोनोग्राफी केली तेव्हा ओमेंटमवर, म्हणजे पोटातल्या चरबीच्या पडद्यावर, पसरलेलं होतं, पोटातून पाणी काढावं लागलं, साडीच्या निऱ्या बसत नव्हत्या. तेव्हा सिग्नल कुठला हे विचारायला वेळ होता का कुणाला?

खारघरकर: ताई, वाईट वाटलं. पण सरसकट सोनोग्राफीने मृत्यू कमी होत नाहीत, ब्रिटनमध्ये 2 लाखांवर बायकांवर बघितलंय, 2021 ला निकाल आला.

ऐरोलीची_सून: त्या बायकांना त्रास नव्हता हो! मी त्रास होणाऱ्या बाईबद्दल बोलतेय, आणि तुम्ही आकडे फेकताय!!

घोडबंदरवाली: हे मात्र ताई बरोबर बोलल्या.

खारघरकर: बरं, मान्य. त्रास असेल तर सोनोग्राफी आणि सीए-125 ही रक्ताची तपासणी लगेच. फक्त सीए-125 वर विसंबू नका, एंडोमेट्रिऑसिसमध्येही (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतो तो आजार, कॅन्सर नव्हे) वाढतं.

ऐरोलीची_सून: विसंबायला आधी कुणी लिहून तर द्यायला हवं.