बुद्धिबळात १३००वर अडकलंय, रोजच्या ४० मिनिटांत काय करू?

निपाणीचं प्यादं
नमस्कार मंडळी. लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या साइटवर रॅपिड डावांचं रेटिंग (खेळाची पातळी दाखवणारा आकडा) १३००च्या आसपास अडकलंय. दुकान बंद केल्यावर ४० मिनिटं मिळतात. त्यात ५ मिनिटांचे ब्लिट्झ डाव, थोडी पझल, ओपनिंगचे, म्हणजे डावाच्या सुरुवातीचे व्हिडिओ. सुरुवात बरी जमते, मग मधेच मोहरा फुकट जातो. कोल्हापूर-सांगलीकडच्या रेटेड स्पर्धेत उतरायचंय. वेळ कशी वाटू?

खानापूर ६४
दादा, आधी ब्लिट्झ थांबवा. समोरच्याच्या खेळीचा हेतू न बघता आपलाच बेत रेटला की मोहरा जातो, आणि ५ मिनिटांत ही सवय मोडायला सवडच नसते.

एक दिवस १५+१०चा (प्रत्येकाला १५ मिनिटं, वर दर खेळीला १० सेकंद) एकच डाव. ४० खेळ्यांचा डाव जास्तीत जास्त ४३ मिनिटं चालतो, म्हणजे तुमच्या ४० मिनिटांत साधारण बसतो. दुसऱ्या दिवशी तोच डाव इंजिन (खेळ्या तपासणारा संगणक प्रोग्राम) बंद ठेवून तपासा. वहीत लिहा: चूक कितव्या खेळीला, घड्याळात किती वेळ होता, तेव्हा मनात काय होतं. मगच इंजिन लावा. चूक कुठे झाली ते इंजिन दाखवतं, का झाली ते वहीतच सापडतं. दहा डावांनी वही चाळा. बांधलेल्या मोहऱ्यावर (हलला तर मागचा मोलाचा मोहरा उघडा पडतो अशा) राखणीचा भरवसा, घोड्याचा दुहेरी हल्ला, मागच्या रांगेत कोंडलेला राजा... दोन-तीन साचेच पुन्हा पुन्हा दिसतील. मग पझल त्याच साच्यांची घ्या. दहाच, पण खेळ्यांची शेवटपर्यंतची ओळ दिसल्याशिवाय हात लावायचा नाही.

बेळगावचा उंट
व्हिडिओ कमी करून ओपनिंगच्या खेळ्यांमागची कारणं बघा की. एक उदाहरण, आधी पांढऱ्याची मग काळ्याची खेळी, नावं पटावरच्या घरांची: ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट सी४ घोडा एफ६, घोडा जी५ डी५, प्याद्याने डी५ मारलं. इथं काळा घोड्याने डी५ मारतो आणि फसतो. पांढरा घोडा एफ७ मारतो, राजाने तो घेतला की वजीर एफ३ शह, आणि डी५चा घोडा राखायला राजाला ई६वर, उघड्यावर यावं लागतं. त्यापेक्षा घोडा ए५ खेळून सी४चा उंट हाकला. हे उमगलं की पाठांतर लागत नाही.

निपाणीचं प्यादं
फार आभार! एंडगेम, म्हणजे थोडेच मोहरे उरलेला शेवटचा खेळ, कुठून धरू?

खानापूर ६४
राजा-प्याद्यापासून. पांढरा राजा ई५, प्यादं ई४, काळा राजा ई७ मांडा. खेळी पांढऱ्याची असेल तर बरोबरी, काळ्याची असेल तर पांढरा जिंकतो. आता सगळं एक घर पुढे सरकवा: ई६, ई५, ई८. खेळी कुणाचीही असो, पांढरा जिंकतो. दोन्ही बाजूंनी खेळून पाहा, फरक हाताला कळेपर्यंत.

चिकोडीचा हत्ती
तुम्ही कर्नाटकातले असलात तरी खुल्या स्पर्धेला महाराष्ट्रात आडकाठी नाही, मात्र ऑल इंडिया चेस फेडरेशनची नोंदणी आधी करा. लिचेसचा आकडा फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या) रेटिंगशी जुळेलच असं नाही. पहिलं फिडे रेटिंग मिळायला रेटेड खेळाडूंशी किमान ५ डाव लागतात, आणि ते १४००च्या खाली निघालं तर यादीत येत नाही.

महिनाभर आधी मोबाईल सोडून लाकडी पटावर खेळा. हात लावलेला मोहराच चालवावा लागतो. खेळी केली त्याच हाताने घड्याळ दाबायचं. आणि खेळी आधी लिहून मग खेळायची नाही, नियमात बसत नाही.