सोलापुरात हलकी रेल्वे आलीच, तर थांब्याभोवती काय उभं राहायला हवं?

टॉवेलवाली
मी जुळे सोलापुरात भाड्यानं राहते. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका कारखान्यात टॉवेलच्या कडा शिवते. सकाळी शेअर रिक्षानं सात रस्ता, तिथून दुसरी रिक्षा अशोक चौकाला, पुढं मिळेल ते. रिक्षा भरेपर्यंत हलत नाही. पावणेआठला घर सोडते तेव्हा कुठं नऊला मशीनवर बसते.

पुतण्यानं मेट्रोलाइट नावाच्या हलक्या रेल्वेचं सांगितलं. रस्त्याच्या कडेनं रूळ, दोन-तीन डब्यांची गाडी. गर्दीच्या तासाला एका दिशेनं १५,००० पर्यंत प्रवासी असतील तिथं ती चालते, असं केंद्रानं २०१९ मध्ये ठरवलंय म्हणे. २०११ च्या जनगणनेत आपलं शहर साडेनऊ लाखांचं होतं, म्हणून मनात आलं, आपल्याला हीच शोभेल.

गाडी कधी येणार ते विचारत नाहीये. विजापूर रोडला थांबा केला आणि त्याच्या आजूबाजूला नुसते कुलूपबंद प्लॉट आणि कंपाउंडच्या भिंती राहिल्या, तर गाडीत बसणार कोण? थांब्याजवळ घरं, दुकानं, कामं यावीत म्हणून दुसरीकडं काय करतात? आणि ती आलीच, तर भाडं वाढून आमच्यासारख्यांनाच उठावं लागणार का?

कंबरतलाव
ताई, माझी लेक अमेरिकेत पोर्टलंडला असते, मी तिच्याकडं दोनदा राहून आले. तिथली हलकी रेल्वे १९८६ पासून आहे. पहिल्या मार्गाचा बराच भाग मोठ्या हायवेला चिकटून गेलाय. तिथल्या थांब्यावर उतरलं की गाड्यांचा नुसता घोंघाट, शेजारी ना घर ना दुकान. रूळ टाकले की वस्ती आपोआप येते ही समजूत माझी तिथं गेली.

दुसरी जागा मात्र डोक्यातून जात नाही. पर्ल डिस्ट्रिक्ट नावाचा भाग, पूर्वी रेल्वेचं मोठं यार्ड होतं. १९९७ मध्ये शहरानं जमीनमालकाशी करार केला. तेव्हा तिथं नियम होता एकरी किमान १५ घरांचा. ठरलं असं की शहरानं तिथला जुना उड्डाणरस्ता पाडला की मालकानं एकरी किमान ८७ घरं बांधायची, ट्राम आणली की किमान १०९ आणि बाग केली की १३१. शहराचं काम पुढं सरकेल तसं मालकावरचं बंधन वाढत गेलं. ट्राम २००१ ला धावली. आणि कमी कमाईच्या लोकांसाठी किती घरं, तेही त्याच करारात लिहिलेलं. तुमच्या भाड्याच्या प्रश्नाला माझ्याकडं हेच उत्तर आहे: जमिनीला भाव यायच्या आधी लिहून घ्यायचं. नंतर कोण ऐकतंय?

लेक हे दाखवत होती तेव्हा मला आपली जुनी मिल आठवली. माझे वडील गिरणीत होते. शहराच्या पोटात गिरण्यांच्या एवढ्या जमिनी आपल्याकडं होत्या.

वनाझकर
मूळचा बाळीवेशीतला, आता पुण्यात. मार्च २०२२ ला मेट्रो सुरू झाली तेव्हापासून रोज जातो. इथं स्टेशनापासून ५०० मीटरच्या आत ४ पर्यंत एफएसआय मिळतो, म्हणजे प्लॉटच्या चौपट बांधकाम करता येतं. पण एफएसआयनं इमारत उंच होते, रस्ता चालायजोगा होत नाही. आमच्या शेजारच्या जुन्या सोसायटीच्या जागी नवी इमारत झाली. खालचे तीन मजले पार्किंग, रस्त्याच्या बाजूला आंधळी भिंत. पूर्वी तिथं एक वाणी आणि एक इस्त्रीवाला होता. रात्री त्या भिंतीकडेनं बायको एकटी येत नाही.

शिवाय ते ५०० मीटर नकाशावर कंपास फिरवून मोजलेले. माझ्या घरापासून स्टेशन सरळ रेषेत जवळ, पण मध्ये सलग कंपाउंड, म्हणून दुप्पट चालतो. तुमच्याकडं जुळे सोलापुरात अजून मोकळे प्लॉट आहेत, तर आधी गल्ल्या आखून घ्या. गल्ली नंतर काढता येत नाही.

निवृत्त_स्टेअरिंग
ओ ताई, मी सिटी बस चालवलेली आहे. रुळाची वाट कशाला बघायची? ब्राझीलच्या कुरितिबा शहरात १९७४ पासून बसला वेगळी मार्गिका आहे, आणि उंच इमारतींना परवानगी त्याच मार्गाच्या कडेनं. आतल्या गल्ल्यांत बुटकी घरं. आपण विजापूर रोड, सात रस्ता, अशोक चौक, एमआयडीसी असा एक मार्ग पक्का करू, दहा मिनिटाला एक बस सोडू, वाढीव बांधकाम फक्त त्याच कडेला देऊ. बसला माणूस नाही म्हणून फेरी बंद, फेरी बंद म्हणून माणूस नाही, हे मी स्टेअरिंगवर बसून बघितलंय.

टॉवेलवाली
काकांचं पटलं. बस असो की रेल्वे, माणसं मार्गाच्या कडेला राहायला हवीत. कंबरतलावताई, करारातली घरांची गोष्ट आमच्या चाळीत वाचून दाखवली. दोन घरांतून लगेच विचारलं, असं आपल्याकडं कुणाला सांगायचं? विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवतात तेव्हा आम्ही लिहून देणार.

एक मात्र कुणी बोललं नाही. मे महिन्यात पारा ४३ वर जातो. पाचशे मीटर म्हणजे सात-आठ मिनिटं, पण त्या उन्हात लेकरू कडेवर घेऊन चालून बघा. कडुनिंबाची रांग नसेल तर थांबा कितीही जवळ असू दे, बाई रिक्षाच करणार. मला एफएसआयच्या आधी सावली हवी.

रविवारी दुपारी सात रस्त्यापासून चारी बाजूंना पाचशे मीटर चालून वहीत लिहिणार आहे: कुठं भिंत, कुठं झाड, कुठं गल्ली बंद. अशोक चौकाकडचं कुणी करेल का? तिकडं राहणाऱ्यानंच केलं तर बरं, त्याला बोळ माहीत असतात.